माशांनी संकट घेतलं नाही, आपण पंप बंद केला



गेल्या आठवड्यात स्वाध्यायासाठी आम्ही पाच-सहाजणी एका वहिनींकडे जमलो होतो. वाचन झालं, वहिनींनी राजगिऱ्याचे लाडू पुढे केले, आणि माझं लक्ष टीव्हीशेजारच्या काचेच्या टाकीकडे गेलं. पाणी होतं, रंगीत खडे होते, प्लास्टिकचा किल्ला होता. मासे नव्हते.

"तिन्ही गोल्डफिश एका रात्रीत गेले," वहिनी म्हणाल्या. "पण एका परीनं बरंच झालं म्हणायचं. यांचं ऑपरेशन होतं ना त्याच आठवड्यात. घरावर येणारं माशांनी आपल्यावर घेतलं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक काकू म्हणाल्या, त्यांच्याकडंही असंच झालं होतं आणि महिन्याभरात मुलाला नोकरी लागली. मी एवढंच विचारलं, "वहिनी, रात्री पंप चालू होता का?"

"छे, रात्री बंदच असतो. घरघरीनं यांना झोप लागत नाही. आणि मासेसुद्धा झोपतातच की रात्री."

ऑपरेशन होऊन माणूस नुकता घरी आलेला, त्यामुळं तिथं मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी वहिनींना फोन करून सगळं बोलले आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. माशांनी कुणाचं संकट घेतलेलं नाही. ते गुदमरून मेले. आणि ते गुदमरणं भिंतीवरच्या एका बटणानं टळलं असतं.

मला हे कसं माहीत, तेही सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या हातून हेच झालं आहे. धाकट्याच्या वाढदिवसाला कुणीतरी सात मासे आणि एक टाकी भेट दिली. नाही म्हणता आलं नाही, मुलगा नाचत होता. दुकानदारानं सांगितलं होतं की दिवसातून दोन-तीन तास बुडबुडे सोडले की पुरे. एप्रिल महिना, आमची सांगली, घरात दुपारी पंख्याचं वारंही गरम. रोज सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे आणि आम्ही मुलाला म्हणायचो, "बघ, तुझ्याशी बोलायला आले." आठवडाभर आम्ही ती गंमत बघितली. आठव्या दिवशी सकाळी पाच मासे आडवे होते. ते बोलत नव्हते हो. श्वास मागत होते. त्या सकाळी मी देवदर्शनाला गेले तेव्हा हात जोडताना कसं वाटलं, ते लिहिता येत नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. आता जे सांगते ते आपल्या स्वयंपाकघरातल्या गोष्टींइतकंच साधं आहे.

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. तो पाण्यात येतो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून, जिथं पाणी आणि हवा एकमेकांना भेटतात. पाणी स्थिर असेल तर वरच्या थराला वायू मिळतो आणि खालचं पाणी तसंच शिळं राहतं. पाणी फिरलं की खालचं वर येतं, वरचं खाली जातं, आणि माशानं सोडलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. ताक घुसळताना रवी वरच्यावर फिरवली तर तळाचं दही तसंच राहतं ना, तसं. त्यात पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साधारण साडेसात. आणि गरम पाण्यात माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात मिळकत कमी आणि खर्च जास्त.

आता रात्रीचं. मासे रात्री शांत होतात, पण त्यांचे कल्ले थांबत नाहीत. आपण झोपल्यावर नाक बंद करून ठेवतो का? टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्या दिवसा उजेडात प्राणवायू देतात आणि रात्री स्वतःच घेतात. त्यामुळं पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. नेमका तेव्हाच आपला पंप बंद! चोवीस तासांत पंप बंद ठेवायला सर्वात वाईट वेळ निवडा असं सांगितलं असतं तर आपण हीच वेळ निवडली असती.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून आणखी वाईट. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे सूक्ष्म जीव त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं सौम्य असं नायट्रेट करतात. या जिवांनाही प्राणवायू लागतो, तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. रोज रात्री आठ-आठ तास पंप बंद केला की आपण त्यांनाही उपाशी ठेवतो. मग पाणी दिसायला स्वच्छ, आणि आत विष.

लाइट बिलाचं कारण देणाऱ्यांसाठी हिशेब करून ठेवला आहे. ५ वॅटचा एअर पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला ३.६ युनिट. दिवाणखान्यातला जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला आठ तास फिरवला तर महिन्याला १८ युनिट. तो पंखा आपण रिकाम्या खोलीतही फिरू देतो.

राहिला आवाज. घरघर बहुतेकदा पंपाची नसते, पंप ज्या लाकडी टेबलावर ठेवला आहे त्याची असते. खाली जुन्या टॉवेलची किंवा फोमची घडी घाला, पंप भिंतीला टेकू देऊ नका. आमच्या सासूबाईंची पहिल्या आठवड्यात तक्रार होती. आता रात्री वीज गेली की घरात सगळ्यात आधी त्याच उठतात, कारण तो आवाज थांबलेला त्यांना कळतो.

आता जरा नाजूक बाजू. मी हे बोलायला लागले तेव्हा एका ज्येष्ठ अक्कांनी मला सुनावलं. त्यांचं म्हणणं असं की पाणी स्वतःच जीव आहे, अप्काय. ते पंपानं रात्रंदिवस घुसळायचं, त्यात वीज जाळायची, ही दुहेरी हिंसा. त्यापेक्षा पाणी शांत ठेवावं, माशाचं जे व्हायचं ते त्याच्या कर्मानं होईल.

अक्कांचा मला आदर आहे. त्यांच्याकडून मी पाणी गाळायला शिकले. पण हे म्हणणं मला मान्य नाही, आणि ते गोड शब्दांत गुंडाळून सांगायचीही माझी इच्छा नाही. मासा पंचेंद्रिय जीव. त्याला आपण बाजारातून विकत आणून काचेत कोंडलं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिलाच बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. अन्नपाण्याचा निरोध हाही त्यांतलाच. म्हणजे टाकी घरात आली त्या क्षणी एक दोष लागला. आता श्वासही अडवून दुसरा लावून घ्यायचा, आणि त्याला कर्म म्हणायचं? कुणाचं कर्म, माशाचं की बटण बंद करणाऱ्या हाताचं? गृहस्थाच्या आरंभी हिंसेतून आपली कुणाचीच सुटका नाही. चूल पेटवतो, पाणी तापवतो, घर झाडतो, ते यत्नानं करतो. पंपानं पाणी फिरवणं त्याच जातीचं आहे. जाणूनबुजून तो बंद ठेवणं हा प्रमाद. आणि हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते, हे अक्कांनीच मला शिकवलं.

विहिरीचं पाणी गाळून झालं की गाळण्यातले जीव आपल्या आजी-पणजी पुन्हा त्याच विहिरीत सोडायच्या, कुठंही झटकायच्या नाहीत. इतक्या बारकाईनं पाण्याकडं बघणाऱ्या घरांत टीव्हीशेजारी तीन लिटर शिळ्या पाण्यात एक मासा गोल गोल फिरतो, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

तो गोल काचेचा वाडगा तर सगळ्यात वाईट. वर्तुळाच्या मध्यापर्यंत पाणी भरलं तर निदान पृष्ठभाग मोठा राहतो. आपण सुंदर दिसावं म्हणून गळ्यापर्यंत भरतो, तिथं तोंड अरुंद, म्हणजे श्वासाची खिडकी बशीएवढी. त्यात वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा! अतिभारारोपण बैलगाडीचंच असतं असं नाही.

तर पाणी हलतं ठेवायचं कसं? महाग वस्तूंची गरज नाही, दुकानात जे आग्रहानं विकलं जातं त्याची तर मुळीच नाही.

माझी पहिली पसंती साध्या एअर पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरला. नळीतून हवा येते, बुडबुडे उभ्या दांड्यातून वर चढताना सोबत पाणी उचलतात, आणि त्या जागी स्पंजमधून हळूहळू पाणी आत ओढलं जातं. पाणी फिरतं, गाळलंही जातं. मुख्य म्हणजे ओढ इतकी सौम्य की गप्पीची आज जन्मलेली पिल्लंही त्यात अडकत नाहीत. जैन घरासाठी यापेक्षा बरं यंत्र मला माहीत नाही. नुसता एअर स्टोनही चालतो, पण एक समजून घ्या: काम करतात ते बुडबुड्यांपेक्षा बुडबुड्यांनी वर आणलेलं पाणी आणि वरची खळबळ. म्हणून स्टोन तळाशी ठेवायचा, पृष्ठभागाजवळ लटकवून उपयोग नाही.

इथं एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो. त्याच्या शेजारी डासांची अगरबत्ती, फवारा, फिनेलची बाटली, देवघरातला धूप ठेवलात तर तो धूर थेट माशांच्या पाण्यात जातो. आणि टाकी स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीचा तेलकटपणा पाण्यावर तवंग धरतो. हा तवंग म्हणजे श्वासाच्या खिडकीवर लावलेला प्लास्टिकचा कागद. पृष्ठभाग हलता ठेवला तर तो जमत नाही.

मोठ्या टाकीला मोटरचा फिल्टर लागतो: आत बुडवायचा, मागं टांगायचा, किंवा वर पन्हाळीसारखा ठेवायचा. त्याच्या खोक्यावर तासाला इतके लिटर असं लिहिलेलं असतं. तो आकडा रिकाम्या मोटरचा. आत स्पंज बसला, तो मळला, पाणी वर चढवायला लागलं की प्रत्यक्षात कमीच मिळतं. ढोबळ नियम असा की टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून जावं. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं. वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता ४५ ते ५० धरा. म्हणजे तासाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर प्रत्यक्ष पडायला हवं.

आणि मोटरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा बांधा. ही माझी हात जोडून विनंती आहे. ते उघडं तोंड लहान पिल्लं, थकलेला मासा, शंखातली गोगलगाय, काहीही ओढून घेतं. दहा रुपयांचा स्पंज आणि एक धागा, बस. तो मळला की नळाखाली धुऊ नका. नळाच्या क्लोरीननं त्यातले उपयोगी जीव मरतात. टाकीतलंच तांब्या-दोन तांबे पाणी बादलीत काढून त्यात पिळा आणि स्पंज लगेच परत बसवा. गाळणं त्याच पाण्यात झाडायचं, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

पाण्याची दिशाही बघा. मोटरचं तोंड टाकीच्या लांबीच्या दिशेनं, पृष्ठभागाला किंचित तिरकं ठेवलं तर पाणी समोरच्या काचेवर आपटून खाली वळतं आणि तळातून परत येतं. एका चिमटीतले दाणे सोडून बघा, कुठं फिरतात आणि कुठं अडकतात ते दिसेल. दगडामागं, किल्ल्यामागं पाणी मेलेलं असतं, तिथं घाण साचते. किल्ला काढा, अर्धा प्रश्न सुटतो. जोराचा प्रवाह पसरवायचा असेल तर ओळीनं भोकं पाडलेली आडवी नळी मिळते, ती धार मऊ करते.

आता उलटी बाजू, कारण वरचं वाचून कुणीतरी उद्याच भला मोठा पंप आणेल. समुद्रातल्या प्रवाळांसाठी बनवलेले लाटा उठवणारे पंखे हल्ली हौसेनं गोड्या पाण्याच्या दीड फुटी टाकीत लावलेले दिसतात. बघायला छान, मासा मात्र दिवसभर पुरात पोहतो. फायटर माशाला तर लांब जड पर, त्याला धारेत तोल सांभाळता येत नाही. तो वर येऊन हवाही घेऊ शकतो, त्यासाठी त्याच्या डोक्यात वेगळी इंद्रियरचना आहे. म्हणून दुकानदार म्हणतात, याला काही लागत नाही, बाटलीतही जगतो. जगतो म्हणजे लगेच मरत नाही. त्यालाही स्वच्छ पाणी हवं, फक्त प्रवाह अगदी मंद. झेब्रा डॅनिओला मात्र वाहतं पाणी आवडतं. गोल्डफिश घाण जास्त करतो, म्हणून त्याला फिल्टर दणकट हवा, पण धार अंगावर नको. मासा सारखा एका कोपऱ्यात दडून बसत असेल, किंवा न थांबता प्रवाहाविरुद्ध शेपूट मारत असेल, तर धार कमी करा किंवा काचेकडं वळवा. सकाळी वर येऊन हापापत असेल, तर वाढवा.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडं आहेच. बॅटरीवर चालणारे छोटे एअर पंप मिळतात, एक घरात असू द्या. तोही नसेल तर तांब्या घ्या, टाकीतलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत सोडत राहा. दहा मिनिटं हे केलं की तासाभरानं पुन्हा. त्या वेळात दाणे घालू नका. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि जमिनीवर येतं. वायरही बटणाच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ बोर्डात जाणार नाही. बंद डब्याचा मोठा फिल्टर बरेच तास थांबला असेल तर तसाच चालू करू नका. आतलं पाणी कुजलेलं असतं, आधी ते ओतून टाका.

यावर काहीजणी म्हणतील, एवढी उठाठेव करण्यापेक्षा मासे कृष्णेत सोडून मोकळं व्हावं, अभयदान. कृपा करून नको. गोल्डफिश, सकर, गप्पी हे आपल्या नदीचे नाहीत. सकर मासा असाच सोडला जाऊन देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे आणि तिथल्या माशांचं अन्न-जागा बळकावतो आहे. काचेत वाढलेला दुसरा बिचारा तासाभरात कुणाच्या तरी चोचीत जातो. यात अभय कुणाला मिळालं?

माझं मत विचाराल तर नवे मासे आणूच नयेत. वाढदिवसाला नाही, वास्तूला नाही, मुलानं हट्ट केला म्हणूनही नाही. दाण्यांच्या बहुतेक पाकिटांत मासळीची पूड असते, हे पाठीमागची बारीक अक्षरं वाचून मला कळलं, आणि तेव्हापासून हे मत पक्कं झालं आहे. पण जे मासे आज आपल्या घरात आहेत, ते आपले. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. तितकी वर्षं तो पंप चालला पाहिजे, आपण गोमटेश्वराला गेलो तरी आणि चातुर्मासात रोज बस्तीत बसलो तरी. गावाला जाताना किल्ली शेजारणीला देतो तशी तांब्याची युक्तीही तिला शिकवून जायची.

वाचलेले माझे दोन मासे अजून आहेत, त्याच टाकीत.

वहिनींनी रिकामी टाकी माळ्यावर टाकली आहे आणि त्यांचा एअर पंप मला दिला. माझ्याकडं दोन स्पंज फिल्टरही जास्तीचे पडून आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गोल वाडग्यात मासा असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. येताना वाडग्यात किती तांबे पाणी मावतं तेवढं मोजून या. आणि आज रात्री दिवाणखान्यातले दिवे मालवताना ते एक बटण तेवढं सोडून द्या.